मदत हवी आहे: योकोसुकाच्या नेव्ही बेसवर नवीन आहे. खाणं, सुट्टीचा दिवस आणि मराठी माणसं

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदाच. शाळा सातवीपर्यंत ठाण्यात आणि पुढची न्यू जर्सीत झाली, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वय २०. अमेरिकन नेव्हीत आहे. (ग्रीन कार्डवर भरती होता येतं, नागरिकत्व नंतर मिळालं. यावर चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा, प्लीज.) पहिलंच पोस्टिंग जपानला, योकोसुकाला मिळालंय. योकोहामाच्या दक्षिणेला, तोक्योच्या उपसागराच्या तोंडाशी आहे हे गाव. जहाजाचं नाव आणि ते कधी निघतं, कधी येतं हे विचारू नका, सांगता येत नाही.

अडचण अशी आहे की बेस फारच सोयीचा आहे. आत डॉलर चालतात, पिझ्झा मिळतो, जिम आहे, सिनेमा आहे, सगळे इंग्रजी बोलतात. आमच्या डिव्हिजनमध्ये अशी मुलं आहेत की ज्यांची इथली मुदत संपत आली तरी गेटबाहेर त्यांना फक्त समोरची बारची गल्ली माहीत आहे. ‘होंच’ म्हणतात तिला. शनिवार आला की सगळे होंचला. मी दोनेकदा गेलो. मुलं चांगली आहेत, पण मला दारूत रस नाही आणि आवाजात तर अजिबात नाही. मग खोलीत पडून फोन बघत बसतो. हे असंच चालू राहिलं तर मीही त्यांच्यासारखाच जपान न बघता परत जाईन.

खाण्याचं म्हणाल तर चिकन, मासे, अंडी खातो. बीफ-पोर्क नाही. मेसमध्ये निभतं, पण बाहेर काय मागवायचं कळत नाही, कारण कशात काय असतं ते वाचता येत नाही. बॅरॅकच्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज आहे, शेगडीला परवानगी नाही. वरणभात खाऊन किती दिवस झाले ते आठवत नाही.

आई मला पार्सल पाठवायचं म्हणतेय, ठाण्याहून आजीही. दोघी रोज विचारतात, पत्ता कसा लिहायचा? आणि मुख्य म्हणजे इथे जवळपास मराठी माणसं आहेत का? मी दर काही दिवसांनी चोवीस तास जहाजावर ड्यूटीला असतो, आणि जहाज बाहेर पडलं की आठवडेच्या आठवडे नसतो. त्यामुळे कुठल्या क्लासला किंवा ग्रुपला ‘दर रविवारी येईन’ असा शब्द देता येत नाही. अशा माणसाला कोण धरून ठेवणार, हाही प्रश्न आहेच.

– नवा_खलाशी

––––

योकोहामाकर: अरे, आधी एक सांगतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पड. दुपारपर्यंत खोलीत राहिलास की मग होंचच उरतो. आम्ही इथे दहाबारा वर्षं आहोत, आयटीवाले.

मराठी माणसं भरपूर आहेत, पण बरीचशी तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला. तिथे भारतीय वस्तीच आहे म्हण ना. २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. जायला सोपं आहे. योकोसुका-चुओ स्टेशनला केइक्यू रेल्वेची लाल गाडी पकड. काही गाड्या थेट तोक्योच्या आसाकुसा मेट्रो लाइनवर जातात, तशी मिळाली तर निहोम्बाशीपर्यंत उतरायचंच नाही. तिथे तोझाई लाइन पकडली की निशी-कासाई. दीड तास धर. तूरडाळ, हिंग, तूप, पोहे, सगळं मिळतं. ठाण्याहून दादरला जातोस तसं समज, फक्त गाडीत कोणी बोलत नाही.

तोक्यो मराठी मंडळाचा गणपती असतो. त्यांना तुझी अडचण सांग, कोणी हजेरी मांडत नाही. सहा महिन्यांनी उगवलास तरी मोदक मिळेल.

सोडे_भात: मासे खातोस आणि जपानमध्ये उपाशी? काहीतरीच! सुपरमार्केटच्या मासळीच्या कोपऱ्यात जा. ‘साबा’ म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊ. ‘इवाशी’ म्हणजे तारलीच्या जवळपासचा. मिठातला भाजलेला साबा तयारही मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की झालं. सुक्या मालाच्या शेल्फवर ‘साकुरा एबी’ नावाची गुलाबी, चिमुकली सुकी कोळंबी असते. कच्चा कांदा, तिखट, लिंबू आणि ती चुरडून घाल. जवळ्याची चटणी म्हणून खपते, मी खपवली आहे. फक्त कांदा चिरल्यावर खिडकी उघड, रूममेट असेल तर.

भात शिजवायची गरजच नाही. वाटीत बंद केलेला तयार भात मिळतो, दोन मिनिटांत गरम होतो. चिकट असतो, पण दहीभाताला तोच बरा. त्यावर मेतकूट आणि तूप. आईला सांग मेतकूट पाठवायला, त्याला ना शेगडी लागते ना फ्रिज.

निवृत्त_चीफ: बाळा, मी मर्चंट नेव्हीत इंजिनात आयुष्य काढलं, जपानी बंदरं पुष्कळ बघितली. खाण्यापिण्याचं ही मंडळी सांगतीलच. मी कायद्याचं सांगतो. तुमच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलं असेल, तरी पुन्हा ऐक. इथे दारूचं वय २० आहे, म्हणजे तुला चालते, आणि तिथेच मुलं घसरतात. पिऊन गाडीच काय, सायकल चालवणंसुद्धा गुन्हा आहे. आरोप ठेवण्याआधीच पोलीस माणसाला २३ दिवसांपर्यंत आत ठेवू शकतात. तुमच्यासाठी दोन देशांमधला करार आहे, पण बाहेर गुन्हा घडला तर त्याच्या भरवशावर राहू नये. अमेरिकन सैनिकाची इथली भांडणं थेट पेपरात येतात.

तुला दारूचा नाद नाही हे वाचून बरं वाटलं. ते कुणाला समजावत बसू नकोस. ‘उद्या ड्यूटी आहे’ म्हणायचं आणि सटकायचं. आम्ही तेच करायचो.

टेक्सासची_आई: माझा मुलगा सासेबोला, जपानमधल्याच दुसऱ्या बेसवर होता, तोही नेव्हीतच. पार्सलचं मी सांगते. पत्त्यात शहराच्या जागी एफपीओ (फ्लीट पोस्ट ऑफिस, म्हणजे नेव्हीचं टपाल) आणि राज्याच्या जागी एपी (आर्म्ड फोर्सेस पॅसिफिक) लिहायचं, पुढे तुमच्या युनिटचा झिप. जपान हा शब्द पत्त्यात कुठेही लिहायचा नाही, नाहीतर पार्सल जपानी पोस्टात भटकतं. अमेरिकेतून दर देशांतर्गतच लागतो आणि एफपीओसाठी मोठा फ्लॅट-रेट खोका थोडा स्वस्तही मिळतो. कस्टम्सचा फॉर्म मात्र भरावा लागतो. त्यात ‘फूड’ असं मोघम न लिहिता काय आहे ते साध्या इंग्रजीत लिहा.

आजींना सांग, खाजगी कुरिअर एफपीओला माल पोचवत नाहीत. त्यांनी न्यू जर्सीला पाठवावं आणि आईने पुढे. बेसनाचे लाडू टिकतात. लोणचं पाठवू नका, तेल सुटतं आणि आतलं सगळं जातं, मी एकदा मुलाच्या थंडीच्या कपड्यांसकट घालवलंय. मांसाचं काही नको. आणि आई म्हणून हात शिवशिवतील, पण औषधं पाठवू नका. अमेरिकेत सहज मिळणारा विक्सचा इनहेलर जपानमध्ये बंदी असलेल्या मालात येतो. स्युडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्याही तशाच. बेसच्या दवाखान्यातूनच घ्यायचं.

फोनचं गणित: तुझी शनिवार सकाळ आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत शुक्रवार संध्याकाळ सात. आई कामावरून आलेली असते. आजीला रात्री नऊला कर, ठाण्यात साडेपाच, चहाची वेळ.

नवा_खलाशी: सगळ्यांचे खूप आभार. मावशी, पत्ता आईला फॉरवर्ड केला. तिने खोक्याचं माप विचारलंय, म्हणजे आता काही थांबत नाही.

दादा, लांब जायच्या आधी जवळपास एकट्याने जाण्यासारखं काय आहे? आणि ती इथली प्रसिद्ध करी खाल्लीत का कुणी? जिथे तिथे पाट्या आहेत, पण आत काय असतं ते कळत नाही.

योकोहामाकर: करीत बहुतेक वेळा बीफ असतं, चिकनची मिळते का ते विचार. ‘तोरीनिकु’ म्हणजे चिकन, ‘ग्यूनिकु’ बीफ, ‘बुतानिकु’ पोर्क, एवढं फोनमध्ये लिहून ठेव. किमा मात्र टाळ, इथे बीफ-पोर्क मिसळलेला सर्रास असतो. बरोबर सॅलड आणि दुधाचा ग्लास येईल, दचकू नकोस, योकोसुकात ती तशीच देतात. करी ब्रिटिश आरमाराकडून जपानी आरमारात आली असं मानतात, आणि आजही जपानी नौदलात शुक्रवारी करी असते. चवीला गोडसर. आपल्या रश्श्याची अपेक्षा ठेवून गेलास तर चिडशील.

फिरायचं तर पायी जाऊन मिकासा बघ. १९०५ च्या, रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल टोगोचं हेच जहाज होतं, आता काठावर कायमचं उभं आहे. तू खलाशी, तुला आमच्यापेक्षा जास्त कळेल त्यातलं. नंतर जेआरच्या योकोसुका लाइनने कामाकुरा, मोठा ब्राँझचा बुद्ध. तो सगळे बघतात. मला विचारशील तर योकोहामाच्या यामाशिता पार्कमध्ये कोपऱ्यात एक घुमटीसारखं कारंजं आहे ते बघ. १९२३ च्या भूकंपात इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना गावाने आधार दिला, म्हणून त्यांनी ते बांधून दिलं. लोक त्याच्या पायरीवर बसून आइस्क्रीम खातात आणि कुणाला पत्ता नसतो.

आणि हो, पार्कपासून आमचं घर जवळ आहे. रविवारी मोकळा असलास तर ये. बायको म्हणतेय, पोराला वरणभात घालू आधी.

सोडे_भात: हेच तर हवं होतं! बाकीचे सल्ले नंतर.

नवा_खलाशी: हा रविवार ड्यूटीत गेला. पुढचा मोकळा दिसतोय, पण आमचं वेळापत्रक शुक्रवारपर्यंत बदलू शकतं. आधी हो म्हणून नंतर नाही कळवलं तर चालेल का?

योकोहामाकर: चालेल. शनिवारी रात्रीपर्यंत कळव, डाळ सकाळी भिजते. खाजगी निरोप पाठवलाय, त्यात स्टेशन आणि कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते लिहिलंय.