ऐनवेळचं सुचणं आणि लेखणी

एकाने म्हटलंय की विनोदी नटांना ऐनवेळी वाक्य सुचणं ही निव्वळ देणगी. मला नाही पटत. कॅनडाची विनोदी अभिनेत्री कॅथरीन ओ'हारा टोरंटोच्या 'सेकंड सिटी' या ऐनवेळी संवाद रचणाऱ्या विनोदी नाट्यसंस्थेत तयार झाली, १९७६ पासून त्याच मंडळींच्या 'एससीटीव्ही' या टीव्ही मालिकेत दिसली; आणि तिला पहिला एमी (अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार) मिळाला तो १९८२ मध्ये, लेखनासाठी! अभिनयाचा थेट २०२० मध्ये, 'शिट्स क्रीक' या विनोदी मालिकेतल्या मोइराच्या भूमिकेसाठी. मोइराचे ते अजब उच्चारही तिने स्वतःच घडवले. आम्ही नागपूरहून दिवाळीनंतर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं बघायला जातो. तिथे विनोदी भूमिकेतल्या बाया प्रेक्षकांतून आलेली आरोळी झेलून संवादात अशी बसवतात की बाप्पा! पण आधी अख्खं नाटक त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. टीव्हीवर अशा ऐनवेळी सुचणाऱ्या नटांना लेखनाच्या टेबलाशी बसवायलाच हवं.