मदत हवी आहे: किंग एअर ३५०ईआर सागरी टेहळणीसाठी, पोटाखालचं रडार आणि विजेचा हिशेब

नमस्कार मंडळी. किंग एअर ३५०ईआर या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानाच्या पोटाखाली ३६० अंश फिरणारं रडार, एक कॅमेरा टरेट (कॅमेऱ्याचा फिरता गोळा) आणि आत दोन ऑपरेटर कन्सोल, असा आराखडा आहे. कमाल उड्डाण वजन ७,४८४ किलो. म्हणजे उपकरणांचा प्रत्येक किलो इंधनातून, पर्यायाने गस्तीच्या वेळातून कापला जातो.

पहिली अडचण जागेची. रेडोम (रडारचं कवच) मागे नेला तर टेकऑफला नाक उचलताना जमिनीला घासण्याची भीती. पुढे आणला तर दिशा-स्थैर्य (नाक सरळ ठेवण्याची क्षमता) घटतं, शिवाय टरेट रडारच्या झोतात येतो. शेपटीखालचे फिन वाढवून हे कोणी सावरलंय का? प्रेशराइज्ड कातडीला भोक पाडताना डब्लर (भोकाभोवतीचा मजबुतीचा पत्रा) फ्रेमपर्यंत नेलात की मध्येच थांबवलात?

दुसरी, वीज. २८ व्होल्टचे दोन जनरेटर, प्रत्येकी ३०० अँपिअर. एक बंद पडला की उरतात ८.४ किलोवॉट, तेही कागदावर. अशा वेळी रडारची वीज आपोआप तुटावी की पायलटने तोडावी?

तिसरी सगळ्यात चिवट आहे. एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा सांगणारे संदेश) रिसीव्हर १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर ऐकतो, पण आपलाच मरीन व्हीएचएफ चॅनल १६ वर (१५६.८) बोलू लागला की तो बहिरा होतो. फ्रिक्वेन्सींमधलं अंतर इतकं कमी की साधा फिल्टर पुरत नाही. एक अँटेना पाठीवर, दुसरा पोटाखाली, एवढ्यावर भागतं का? की कॅव्हिटी फिल्टरचं (जवळच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारा जड फिल्टर) वजन सोसावंच लागेल?

मोजलेले आकडे असतील तर उत्तम.