लाल पट्टी म्हणजे निकाल नव्हे
फोन दुरुस्तीला दिल्यावर 'आतली पट्टी लाल झाली की वाद संपला, मुकाट पैसे भरा' असं म्हणतात, ते मला पटलं नाही. फोनमध्ये सिमच्या खाचेत वगैरे असलेली ती पांढरी पट्टी पाणी लागलं की लाल होते, एवढंच. बिघाड त्या पाण्यानेच झाला, हे ती सांगत नाही. माझ्या फोनचं चार्जिंग बंद पडलं, तेव्हा सर्व्हिस सेंटरवाले 'पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही' म्हणत अख्खा मदरबोर्ड, म्हणजे फोनचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलायचा खर्च माथी मारत होते. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून रामायण. शेवटी ईमेलवर एकच धोशा लावला: बोर्डवर गंज कुठे आहे त्याचा फोटो आणि तंत्रज्ञाचा लेखी अहवाल द्या. फोटो आला तर बोर्ड लख्ख! खराब होता तो चार्जिंगचा सुटा भाग, आणि तो वॉरंटीतच बदलून मिळाला.

शिवाय जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना त्याची अवस्था लिहितात तो कागद, वाचल्याशिवाय सही करू नका. 'ओरखडे, स्क्रीनला तडा' यावर कधीकधी आधीच खूण केलेली असते. मी तर काउंटरवरच फोनचे चारही बाजूंनी फोटो काढतो. लोक बघतात, बघू देत.