भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन उतार उतरणे ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला झेपेल का?

माळावरचा शेतकरी :
नमस्कार. आमचे रान पन्हाळा तालुक्यात माळावर आहे आणि यंदा प्रथमच ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरने कारखान्याला घालण्याचे ठरवले आहे. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, टू-व्हील ड्राइव्ह असून त्याचे वजन सुमारे २.२ टन आहे. दोन्ही ट्रॉल्या चारचाकी, रिकाम्या प्रत्येकी २ टनांच्या, आणि त्यांना ब्रेक नाहीत. प्रत्येकीत ८ टन ऊस भरण्याचा विचार आहे. रानापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर सलग उतार आहे. सर्वांत खड्या भागात तो १२ मीटरला १ मीटर इतका भरतो. गावातील जाणते लोक म्हणतात की, रिकाम्या ट्रॉल्या ट्रॅक्टर आरामात चढवतो आणि भरलेल्या उताराने खालीच जायच्या आहेत, मग काळजी कशाची? परंतु स्टिअरिंगवर माझा थोरला मुलगा बसणार असल्यामुळे मन स्वस्थ नाही.

गॅरेजकर :
दादा, आपली काळजी रास्त आहे. ट्रॅक्टर किती ओढतो यापेक्षा तो किती थोपवू शकतो, हा आपल्या रस्त्यावरचा खरा प्रश्न आहे. सगळे मिळून वजन सुमारे २२ टन होते. १२ मीटरला १ मीटर उतारावर त्याचा खाली येणारा रेटा सुमारे १.८ टन इतका असतो, आणि टायर फिरताना होणारा अडथळा वजा केला तरी १.४ टन उरतोच. आता थोपवणारे काय आहे ते पाहा. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्या चाकांवर जेमतेम १.४ टन भार असतो आणि कोरड्या डांबरावर त्यातून फार तर १ टनाची पकड मिळते. मातीच्या रस्त्यावर किंवा उसाचे वाडे (हिरवे शेंडे) सांडलेल्या जागी तीही मिळत नाही. म्हणजे चाके पूर्ण जाम झाली तरी मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत नेतील. इंजिनाच्या गिअरवर उतरू, असे कोणी म्हणेल, पण इंजिनाचा रोधही त्याच दोन चाकांतून जमिनीला पोचतो. पकड तेवढीच राहते.

गावकऱ्यांचा अनुभव खोटा नाही. मात्र ट्रॅक्टर चढताना रिकामा असतो, म्हणून उतारावरच्या खऱ्या वजनाची परीक्षा चढावर कधी होतच नाही. भरलेल्या याच दोन ट्रॉल्या घेऊन तो हाच चढ चढू शकला नसता.

ब्रेक बसवेपर्यंत उतारावर एका वेळी एकच ट्रॉली न्यावी आणि तिच्यात ६ टनांपेक्षा जास्त ऊस भरू नये. तेवढ्यावर, टायरांचा अडथळा वजा जाता, रेटा पाऊण टनाच्या आत राहतो.

उसाचा वाहतूकदार :
वरील उत्तराशी सहमत आहे. मी एकदा भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन अशाच उतारावर ब्रेक दाबला होता. चाके थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही, आणि मागची ट्रॉली आडवी होऊन बांधाला टेकली म्हणून आम्ही वाचलो. त्या दिवशी माझ्याकडून आणखी एक चूक झाली होती. शेतात वळण घेण्यासाठी दोन्ही ब्रेक पेडलांमधली कडी मी सोडली होती आणि रस्त्यावर येताना ती लावायची राहिली. एकच पेडल दाबले गेले की एकच चाक अडते आणि ट्रॅक्टरचे तोंड एका बाजूला ओढले जाते. मागून रेटा असताना ते सावरत नाही.

मुलाला हेही सांगावे की, गिअर माथ्यावरच टाकायचा, लो गिअरमध्येच उतरायचे, आणि डिझेल वाचवण्यासाठी क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडायची नाही. ट्रॉलीच्या दांड्याच्या भोकात पिन घालून बोट फिरवून पाहावे. भोक लांबट झालेले असेल, तर हंगामाआधी ते भरून घ्यावे, आणि पिनेला खालून क्लिप असल्याशिवाय ट्रॉली हलवू नये.

माळावरचा शेतकरी :
आपणा दोघांचा आभारी आहे. आज पिन काढून पाहिली, तेव्हा भोक खरोखर लांबट झालेले आढळले आणि क्लिपच्या जागी तारेचा तुकडा होता. एकेक ट्रॉली नेण्याचे ठरवले आहे. ८ टनांऐवजी ६ टनच भरले तर खेपा वाढतील, हे मान्य आहे. मात्र एक ट्रॉली खाली सोडून दुसरीसाठी परत यायचे, तर ती नेमकी कशी उभी करावी?

गॅरेजकर :
उतार संपून जमीन सपाट झाल्यावरच, आणि रहदारीच्या कडेला. आधी चारही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, मगच पिन काढावी; या क्रमात बदल करू नये. अंधार पडणार असेल, तर ट्रॉलीच्या मागील फळीवर लाल रिफ्लेक्टर असायलाच हवेत, कारण बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्यांमुळे मागचे दिवे झाकले जातात. ब्रेकचे म्हणाल, तर दोन्ही ट्रॉल्यांना एअर ब्रेक बसवता येतात, परंतु त्यासाठी ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी लागते. खर्च करायचा तर पहिला खर्च हाच करावा.