शनिवारी दोन तास शिकवून मागे पडलेली मुलं पुढे येतात का?

कांजूरकर
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन फिरतंय: नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या कच्च्या मुलांना दर शनिवारी दोन तास शिकवायला या. हेतू चांगलाच आहे, पण मी जाणार नाही. पाचवीतल्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नसतील तर ते बघणं पगारी शिक्षकाचं काम. शिक्षकाला मतदारयाद्यांवर जुंपायचं आणि त्याचा वर्ग हौशी लोकांनी सांभाळायचा, ही महापालिकेला फुकट दिलेली सूट आहे. शिवाय मार्च आला की आपल्याच मुलांच्या परीक्षा. मग तिकडची पोरं वाट बघत बसणार.

पायरीवरची
मुंबईत हे करून झालंय हो! नव्वदच्या दशकात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' आणल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली तिसरी-चौथीतली पंधरा-वीस कच्ची मुलं वेगळी बसवायच्या आणि शाळेच्या वेळेतच रोज दोनेक तास अक्षरं, वाचन, बेरीज-वजाबाकी घ्यायच्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची पद्धतशीर तपासणी केली, शोधनिबंध 2007 साली आला. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा तळच्या मुलांना झाला. या मुलींकडे डीएड नव्हतं.

कांजूरकर
तोच निबंध पुढे वाचा. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. आणि बालसखींना महिन्याला 500 ते 750 रुपये मिळायचे. रोज यायचं, शाळेत यायचं, मानधन घ्यायचं. याला तुम्ही आमच्या शनिवारच्या फेरफटक्याच्या रांगेत कसं बसवता?

निवृत्त_मास्तर
तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत खडू झिजवला, म्हणून बोलतो. निवडणूक आणि जनगणनेचं काम शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच शिक्षकाला देता येतं, त्यामुळे त्यावर रडून उपयोग नाही. खरी गोची वर्गात आहे. सहावीच्या वर्गात एकाला अपूर्णांक जमतात, शेजारच्याला हातच्याची वजाबाकी येत नाही. मी शिकवायचो पुस्तकातला धडा, कारण वर्षअखेर तोच 'झाला' का विचारणार. मागच्या बाकावरचा पोरगा गप्प बसतो, हजेरी लागते आणि सातवीत जातो. त्याला कोणीतरी इयत्ता विसरून, जिथे अडकलाय तिथून शिकवायला हवं. ते बीकॉम झालेली शेजारची ताईसुद्धा करू शकते. मात्र सोसायटीतले साहेब पहिल्याच दिवशी इंग्रजी स्पेलिंग घेऊन बसतात, ते कृपा करून नको.

पायरीवरची
मास्तर, अगदी! आणि कांजूरकर, मानधनाशिवायचंही सांगते. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी विनामोबदला वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती खरंच वाचायला लागली.

कांजूरकर
जी आली ती! गावांतल्या मुलांपैकी जेमतेम आठ टक्के आली होती. शाळेबाहेरच्या वर्गाची हीच गत. ज्याला सगळ्यात गरज आहे तो तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळत असतो, नाहीतर पाण्याच्या रांगेत असतो.

गोवंडी_फास्ट
मी पालक. आमच्याकडे फोटो काढणारे येऊन गेले, बिस्किटं वाटून गेले. नंतर गल्लीतली बारावीची मुलगी रोज संध्याकाळी तासभर बसवायला लागली. पोरगा आता दुकानांच्या पाट्या वाचतो. तिला आम्ही चार घरं मिळून थोडे पैसे देतो. तिचा बस पास तेवढा निघतो.

निवृत्त_मास्तर
मग शनिवार सोडा. शाळेतच, शाळेच्या वेळेत एक खोली मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पत्र त्यांच्याकडून गेलं तर मुख्याध्यापकांना टाळणं अवघड जातं. मसुदा मी लिहून देतो.

कांजूरकर
पत्रावर मानधनाचा मुद्दा पहिला येणार असेल तर सोसायटीतून वर्गणी काढायला मी तयार आहे. शिकवायला मात्र तुमच्या त्या बारावीच्या मुलीलाच बोलवा, मला नको.