मदत हवी आहे: लुडरिक फ्लोट ओढतो, पण गरीला लागत नाही

हिरवा_काठ
ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या टंकरीच्या ब्रेकवॉलवर (लाटा अडवणाऱ्या दगडी भिंतीवर) तीन दिवस हेच चाललंय. शेवाळ लावून लुडरिक मासा धरायचा प्रयत्न करतोय. फ्लोट हलतो, अर्धा बुडतो, मी रॉड उचलतो आणि गरी रिकामी. शेवाळ कुरतडलेलं असतं. शेजारचे त्याच पाण्यातून मासे काढतायत. गरी नवी आहे, चारा बरोबर आहे. उद्या पहाटे परत जायचंय, त्यामुळे आज रात्रीच उत्तर हवंय. हा मासा फ्लायवर (पिसं बांधलेल्या नकली चाऱ्यावर) लागतो का, तेही सांगा.

न्यूकॅसलकर
चारा "बरोबर" म्हणजे कोणता? शेवाळ धाग्यासारखं की पानासारखं? गरीचा नंबर? फ्लोट पाण्याबाहेर किती दिसतो? फ्लोटपासून गरी किती खाली? भरतीला बसता की ओहोटीला? यातलं काही कळल्याशिवाय काय सांगणार?

मालवणी_गरी
शेवाळाच्या भानगडीत पडूच नका. कणीक घट्ट मळा, मळताना त्यात कापसाचे तंतू घाला म्हणजे गोळा पाण्यात सुटत नाही. वाटाण्याएवढा गोळा लावा. बोईट यावर हमखास येतो.

दर्याकिनारी
मालवणी_गरी, प्रश्न बोईटाचा नाही. लुडरिक म्हणजे इथला ब्लॅकफिश. न्यूझीलंडमध्ये त्यालाच पारोरे म्हणतात. त्याच्या दातांना तीन टोकं असतात आणि तो खडकावरचं शेवाळ खुडून खातो. तोंड लहान. कधी ब्रेडवर किंवा निपरवरही (चिखलातल्या कोळंबीसारख्या जिवावर) येतो, पण ब्रेकवॉलवर सगळे शेवाळ टाकत असताना कणीक लावून बसण्यात अर्थ नाही.

हिरवा_काठ
गरी २ नंबर. फ्लोटचा रंगीत भाग पूर्ण दिसतो, साधारण ६ सेंमी. शेवाळ धाग्याचं, हिरवं. खोली दीड मीटर. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत बसतो. आता सांगा.

न्यूकॅसलकर
सापडलं. दोन चुका आहेत आणि दोन्ही एकत्र नडतायत.

पहिली गरी. नंबर वाढतो तशी गरी लहान होत जाते. तुम्हाला ८ किंवा १० हवी, बारीक तारेची, लांब दांड्याची. २ नंबर त्या तोंडात मावतच नाही. मासा शेवाळाची टोकं खुडतो आणि जातो.

दुसरी चूक मोठी आहे: फ्लोटला शिसं कमी आहे. ६ सेंमी बाहेर राहणारा फ्लोट खाली ओढायला जोर लागतो. तो जोर तोंडाला जाणवला की लुडरिक शेवाळ सोडून देतो. टोक फक्त १ सेंमी दिसेल इतकं शिसं लावा. आज रात्रीच बादलीत तोलून बघा. बादलीतलं पाणी गोडं असतं, खारट पाण्यात फ्लोट थोडा वर येतो, म्हणून एक-दोन बारीक छर्रे खिशात ठेवा आणि तिथे गेल्यावर लावा.

दर्याकिनारी
शिशाचं पटलं. पण घाई हेही कारण आहेच. फ्लोट नाचताना रॉड उचलायचाच नाही. टोक बुडून एक वीत खाली सावकाश सरकत गेलं की मगच, तेही झटका न देता, रॉड सलग वर घ्यायचा.

न्यूकॅसलकर
फ्लोट नीट तोललेला असेल तर एवढं थांबायची गरज नाही. टोक दिसेनासं झालं की उचला. एक वीत वाट पाहिली तर जोरदार धारेत मासा तोवर थुंकून टाकतो.

दर्याकिनारी
जोरदार धारेत तुमचं खरं. संथ खाडीत माझं.

खोलीही बदला. दीड मीटरवर अडून बसू नका. दहा वेळा फ्लोट वाहवून काही झालं नाही तर स्टॉपरची गाठ (फ्लोट कुठे अडेल ते ठरवणारी दोरीवरची गाठ) ३० सेंमी वर सरकवा. ब्रेकवॉलवर अडीच-तीन मीटरपर्यंत जावं लागतं. गाठीखाली मणी घातलाय ना? नसेल तर गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते आणि खोली ठरवलीत तरी तिथे राहत नाही.

हिरवा_काठ
मणी नाही. गाठ थेट फ्लोटला टेकते.

दर्याकिनारी
मग दीड मीटर हा आकडाही खरा नसणार. आधी मणी घाला.

शेवाळ कसं बांधता? पाव इंचाचा गठ्ठा करून टोचत असाल तर तेही चुकतंय. दहा सेंमीचे आठ-दहा धागे घ्या, मधला भाग गरीच्या डोळ्यावर ठेवा, दोन्ही बाजू दांड्यावर उलटसुलट गुंडाळत वाकापर्यंत न्या आणि तंगुसाची अर्धी गाठ मारून आवळा. शेपूट दीड सेंमीच ठेवा. ते लांब राहिलं की मासा फक्त शेपूट खातो. तुमचं "कुरतडलेलं" बहुतेक हेच. गरीचं टोक उघडं राहू द्या.

आणि शेवाळ पाण्यात बुडवून ठेवू नका, कुजतं. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

न्यूकॅसलकर
बर्ली (मासे जवळ आणायला पाण्यात टाकायचा चारा) विसरू नका. शेवाळ बारीक चिरून ओल्या वाळूत कालवा, एक भाग शेवाळ आणि चार भाग वाळू. वाळूमुळे ते खाली जातं. धार जिकडून येते तिकडे वर टाका म्हणजे तुमच्या फ्लोटच्या वाटेवर बसेल. दर तीन-चार वेळा फ्लोट टाकल्यावर एक मूठ. जास्त टाकलं तर मासे तुमच्या गरीपाशी न थांबता बर्लीमागे खाली वाहत जातात.

रवाफ्राय
धरल्यावर लगेच गळा कापून रक्त काढा, पोटातली काळी झिल्ली खरवडून काढा, नाहीतर शेवाळाचा वास राहतो. कातडी सोलून तिरफळाचं कालवण छान होतं.

सुरक्षित_दर्या
न्यू साउथ वेल्समध्ये लुडरिक किमान २७ सेंमी हवा आणि दिवसाला माणशी १०. मासेमारीची फी भरल्याची पावती जवळ ठेवा. खडकावर जाणार असाल तर लाइफ जॅकेट घाला, सिडनीतल्या रँडविकसारख्या काही हद्दींत ते कायद्यानेच सक्तीचं आहे. आणि सिडनीतल्या मॅनलीच्या कॅबेज ट्री बे राखीव क्षेत्रात मासेमारी बंद आहे.

हिरवा_काठ
मी टंकरीला आहे, मॅनलीला नाही. फ्लायचं कोणी सांगेल का?

माशी_बांधणारा
लागतो, पण तुमच्या ब्रेकवॉलच्या धारेत नको. इंडिकेटर (फ्लाय लाइनवरचा छोटा फ्लोट) एका जागी बांधलेला असतो, त्यामुळे तीन मीटर खोल जायचं तर लांबलचक लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक तंगूस) फेकता येत नाही. दीड-दोन मीटर पाण्याची, हळू वाहणारी जागा शोधा. ७ किंवा ८ नंबरचा रॉड, तरंगती लाइन, शेवटी ६ पौंडांचा तंगूस. फ्लाय ८ किंवा १० नंबरच्या गरीवर, शेवाळी रंगाचं मॅराबू (मऊ पीस) अगदी विरळ बांधून, शेपूट दीड सेंमी. फ्लायच्या वर १५ सेंमीवर एक बारीक छर्रा. बर्ली इथेही लागतेच.

मुख्य गोष्ट वाहण्याची. धार लाइनचा मधला भाग ओढते आणि फ्लाय आडवी सरकायला लागते. तुटलेलं शेवाळ असं आडवं कधी सरकत नाही, म्हणून मासा ती घेत नाही. फेकल्याबरोबर रॉडने लाइन उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाका आणि दर काही सेकंदांनी परत टाकत राहा. इंडिकेटर थबकला तरी उचला, तो बुडायची वाट बघू नका.

हिरवा_काठ
फ्लाय नंतर. १० नंबरची गरी आणि मणी घेतले. फ्लोट बादलीत तोलला, दीड सेंमी बाहेर आहे. चालेल?

न्यूकॅसलकर
समुद्रात तो दोनच्या वर जाईल. अजून एक छर्रा लावा.