मदत हवी आहे: पहिला ब्रेक खोल जातो आणि पुढचं डावं चाक तापतं

नमस्कार मंडळी,

घरची सेडान १६ वर्षांची आहे. बाबांनी घेतली, आता मी चालवते. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. इंजिनाबद्दल एक शब्द तक्रार नाही, पण ब्रेकवरचा माझा विश्वास गेल्या महिनाभरात उडालाय, आणि मागच्या सीटवर रोज आई बसलेली असते.

काय होतंय ते नीट सांगते. बऱ्याच वेळाने पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल अर्ध्याच्याही खाली जातं. लगेच सोडून परत दाबलं की वर येतं आणि चांगलं कडक लागतं. दुसरं म्हणजे, सपाट सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी डावीकडे जाते. पण जोरात ब्रेक मारला की उजवीकडे ओढते! हे मला अजिबात कळत नाही. तिसरं, १०-१५ किलोमीटर चालवून उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला हात लावता येत नाही, उजवं नुसतं कोमट असतं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. चाक न काढताच सांगितलं, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा), दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे), सगळं बदलून टाका. यातलं नेमकं काय बिघडलंय विचारलं तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे, सगळंच गेलेलं असतं." खर्चाला माझी ना नाही. पण रोग न कळता औषध घ्यायला मन तयार होत नाही.

मी एवढं पाहिलंय: ब्रेक ऑइल मिनच्या रेघेच्या जरा वर आहे, रंग काळपट आहे. गाडीखाली किंवा चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही. पुढचे पॅड बाहेरून रिमच्या फटीतून जाड दिसतात. पाने, जॅक आणि दोन स्टँड घरात आहेत, चाक काढायची सवय आहे, त्यापुढे कधी गेले नाही.

कुठून सुरुवात करू?

चौदाचा पाना

ताई, लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम झालंय. माझ्या मते दोन वेगळे बिघाड आहेत, एक मागे आणि एक पुढे.

आधी पेडल. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल टणक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं की बूस्टर मदत करतोय. मग इंजिन चालूच ठेवून एकसारख्या दाबाने मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू तळाशी बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतली सीलं गेलीत. जागचं हललं नाही, तर मास्टर सिलिंडर बदलायला एवढ्यात कोणाला देऊ नका.

पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर, याची मुख्य कारणं दोन: लाइनीत हवा, किंवा मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) आणि ड्रम यांच्यात जास्त अंतर. हवा असेल तर पेडल वर आल्यावरही स्पंजसारखं दबतं. तुमचं कडक लागतंय, म्हणून माझा संशय शूवर. पहिल्या दाबातलं ऑइल शूंना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होतं. लगेच दुसरा दाब दिला की शू पूर्ण मागे गेलेले नसतात, म्हणून पेडल वर.

खात्री करायला सोपा उपाय. थांबलेल्या गाडीत हँडब्रेक ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेकमुळे शू आधीच ड्रमला टेकलेले असतात. पहिलंच पेडल वर आलं, तर दोष मागच्या ॲडजस्टमेंटचा. हँडब्रेक किती खटक्यांवर लागतो तेही मोजून सांगा.

धागाकर्ती

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) आत्ताच करून आले. बूस्टर: इंजिन चालू होताच पेडल साधारण बोटभर खाली गेलं. मिनिटभर धरलं, हललं नाही. हँडब्रेक ओढून पहिलाच दाब दिला तर पेडल एकदम वर! आणि हँडब्रेक १२ खटक्यांवर लागतो. मॅन्युअलमध्ये ५ ते ८ लिहिलंय.

चौदाचा पाना

चालेल की. मग मागचं नक्की झालं. यातले बरेच ड्रम आपोआप ॲडजस्ट होणारे असतात, पण १६ वर्षांत त्या दातेरी चाकाच्या आट्यांत धूळ आणि गंज बसतो आणि ते फिरायचं थांबतं. शू झिजत जातात, अंतर वाढत जातं. वायर ताणून हँडब्रेक वर आणू नका, ही चूक फार जण करतात. आधी शूचं अंतर, मग वायर.

उतार

मध्येच लिहितोय, पण हे महत्त्वाचं आहे. ते तापणारं चाक मोकळं फिरू लागेपर्यंत गाडी उतारावर नेऊ नका. शक्यतो चालवूच नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुमचं चाक सतत घासून तापतंय, कॅलिपरमधलं ऑइल त्याला चिकटूनच आहे, आणि ते काळं म्हणजे वर्षानुवर्षं बदललेलं नसणार. लांब उतारावर पेडल एकाएकी पोकळ लागलं तर दुसऱ्यांदा दाबूनही वर येईल याची खात्री नाही. माझ्या बाबतीत हे एकदा झालंय. खालच्या गिअरने आणि हँडब्रेकने गाडी थांबली म्हणून आज लिहितोय.

आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ८० वरून थांबणं म्हणजे ४० वरून दोनदा थांबणं नव्हे, चारदा.

धागाकर्ती

वाचून पोटात गोळा आला. गाडी उभी केली आहे. आईला सांगितलं, आठवडाभर बसने जाऊ.

मग ते डावीकडे-उजवीकडे काय आहे?

चौदाचा पाना

हेच मला सगळ्यात आवडलेलं लक्षण. तुमच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असणार, आतल्या. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या धक्क्याने सगळा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. ब्रेक दाबला तर बाहेरचा पॅड धड चावत नाही, डावं चाक कमी थांबतं, गाडी उजवीकडे जाते. ब्रेक सोडला तर कॅलिपर मोकळा होत नाही, पॅड घासत राहतो, गाडी डावीकडे जाते आणि चाक तापतं.

पण पिस्टन अडकला किंवा रबरी होज आतून फुगला तरी चाक असंच धरतं. होज बाहेरून धड दिसतो, आत मात्र ऑइल परत यायची वाट बंद होते. म्हणून आधी हे करा. गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीही नाही), चाक काढा, कुणाला तरी दोन-तीन वेळा ब्रेक दाबून सोडायला सांगा. डिस्क हाताने फिरवून बघा. जड असेल तर निपलला (कॅलिपरवरचा, हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत ठेवा आणि निपल अर्धा आटा सोडा. ऑइल जोरात आलं आणि डिस्क मोकळी झाली तर दाब अडकलेला होता, बहुधा होजमुळे. तरीही जडच राहिली तर पिना किंवा पिस्टन. आणि हो, बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. आतला बघा.

रात्रपाळी

एक भर घालते. कॅलिपर उतरवला की होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ड्रममधली भुकटी फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि ऑइल रंगावर सांडलं तर तिथल्या तिथे पाण्याने धुवा, रंग खातं ते.

धागाकर्ती

रविवारी सकाळी बसले, जेवणाची वेळ टळून गेली. सगळं लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

निपल सोडला, थोडं ऑइल आलं, डिस्क तशीच जड. म्हणजे होज नाही. कॅलिपर उघडला. वरची पिन दोन बोटांनी निघाली. खालची निघेना. षटकोनी डोक्याला पाना लावून इकडे थोडी, तिकडे थोडी अशी फिरवत राहिले, वीस मिनिटांनी सुटली. तिच्यावरचं ग्रीस गोंद वाळावा तसं तपकिरी आणि टणक झालं होतं, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. तिच्या रबरी टोपीला बारीक चीर होती, पाणी तिथूनच जात असणार. पिस्टन हळू दाबल्यावर आत गेला, अडकला नाही.

आणि पॅड. बाहेरचा ८ मिलिमीटर. आतला २, तोही एका टोकाला जास्त झिजलेला. मी महिनाभर बाहेरूनच बघून "जाड आहेत" म्हणत होते!

पिनांना कोणतं ग्रीस लावू? घरात साधं बेअरिंगचं आहे.

चौदाचा पाना

ते नको. खनिज तेलाच्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि काही काळाने पिना परत जाम होतात. ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकोनचं ग्रीस मिळतं, तेच, तेही पातळ थर. टोप्या नव्या टाका. पॅड दोन्ही चाकांचे एकत्र बदला, एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढेल. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिथे मोजून बघा. ऑइल डॉट ४ भरा, आधी झाकणावर काय लिहिलंय ते वाचून. डॉट ५ मोठा आकडा म्हणून घेऊ नका, ते सिलिकोनचं असतं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

आता मागचा ड्रम. निघत नसेल तर हँडब्रेक सोडलाय ना बघा. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतील तर त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा, ड्रम स्वतःच बाहेर येतो. आत गेल्यावर व्हील सिलिंडरची (शूंना ड्रमकडे ढकलणारा) रबरी टोपी जरा उचलून बघा. कोरडी हवी.

धागाकर्ती

मागचं झालं. दोन्ही ॲडजस्टर जाम होते, साफ करून आट्यांना ग्रीस लावलं. शू अजून पुष्कळ आहेत. ड्रम बसवून चाक फिरवताना अगदी हलकं घासल्याचा आवाज येईपर्यंत दाते सरकवले. उजवा व्हील सिलिंडर कोरडा. डाव्याची टोपी उचलली तर आत किंचित ओलसरपणा, थेंब नाही.

हवा काढायला पेडलवर आई बसली. "दाब", "दाबलं", मी निपल सोडायचा, बंद करायचा, मग "सोड". पहिल्यांदा तिने मी सांगायच्या आधीच पाय उचलला आणि नळीतून बुडबुडा मागे गेला, ते चाक परत करावं लागलं. त्यानंतर मात्र ती माझ्यापेक्षा शिस्तीत होती. काकांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत नेलं तर सीलं कधी न पोचलेल्या खरबरीत भागावर जाऊन फाटू शकतात. निघालेलं ऑइल जवळजवळ काळं, शेवटी स्वच्छ पिवळसर.

चौदाचा पाना

छान केलंत. नवे पॅड रुळवायला मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा ब्रेक लावा, मध्ये गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहू नका.

तो डावा व्हील सिलिंडर आज फक्त ओलसर आहे, पण ऑइल शूवर उतरलं की दोन्ही बाजूंचे शू बदलावे लागतात. त्याआधीच नवा टाका. घाई नाही, पण विसरू नका.

धागाकर्ती

आज पॅड रुळवले आणि १२ किलोमीटर चालवली. उतरल्यावर दोन्ही पुढच्या रिमना हात लावला, सारख्याच कोमट. पहिलाच ब्रेक वर लागतो. हँडब्रेक ६ खटक्यांवर. जोरात दाबला तरी गाडी सरळ.

सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. व्हील सिलिंडर मागवलाय, पुढच्या रविवारी बसवते. आई विचारत होती, पेडलवर परत तीच बसणार ना.